हॉस्पिसमधली सेवा चांगली झाली, हे नर्सला कशावरून कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: मी आयसीयूत काम करते आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना अखेरपर्यंत आराम देणाऱ्या सेवेत, जायचा विचार करते आहे, पण जिथे रुग्ण वाचवायचाच नसतो तिथे आपली सेवा चांगली झाली की वाईट, हे नर्स ठरवते कशावरून?

आयसीयूत मॉनिटरवर आकडे दिसतात आणि ते सुधारले की जीव भांड्यात पडतो. हॉस्पिसमध्ये बहुतेक खाटांजवळ मॉनिटर नसतो आणि बीपी घसरणं हे अपयश धरलं जात नाही. मग उरतं काय? माझ्या मते एकच खरं माप उरतं: त्रास सुरू झाल्यापासून उतार पडेपर्यंत गेलेला वेळ. त्रास होऊच नये, हे कुणाच्याच हातात नाही. तो किती वेळ तसाच राहिला, हे मात्र पुष्कळसं आम्हा हॉस्पिस नर्सच्या हातात असतं. आणि तो येणार हे आधी ओळखून तयारी करून ठेवली होती का, हे तर पूर्णपणे आमच्या हातात असतं. बाकीच्या बहुतेक गोष्टी या दोन प्रश्नांच्याच पोटात येतात.

वेदनेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त स्वतःची फसवणूक तिथेच होते.

चार्टवर दोन तऱ्हेच्या नोंदी सापडतात. एक अशी: "वेदनेची तक्रार, मॉर्फिन दिले, रुग्ण शांत." दुसरी अशी: "११:४० ला कंबरेत वेदना, १० पैकी ८. ११:५० ला मॉर्फिन १० मिलिग्रॅम तोंडाने. १२:५० ला वेदना ३, बोलते आहे, हाक मारली की लगेच डोळे उघडते." पहिलीवरून औषध पोटात गेलं एवढंच समजतं. दुसरीवरून दहा मिनिटांत औषध मिळालं, तासाभरात गुण आला आणि गुंगी चढली नाही, हे तिन्ही कळतं. तोंडाने दिलेल्या साध्या मॉर्फिनचा जोर साधारण तासाभराने पूर्ण चढतो, त्वचेखाली दिलं तर अर्ध्या तासात. म्हणून फेरतपासणी त्या वेळेला व्हायला हवी. ती पुढच्या ड्यूटीवर ढकलली गेली तर काम अर्धंच झालं, औषध कितीही योग्य असो. जुने लोक एखाद्या वॉर्डची सेवा जोखताना पहिल्यांदा हाच रकाना उघडतात, आणि सगळ्यात जास्त वेळा कोरा सापडतो तोही हाच.

मग जादा डोस मोजायचे. समजा, रुग्णाला दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन चालू आहे, म्हणजे दिवसाला ६०. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी जो जादा डोस लिहून ठेवतात, तो दिवसभराच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या भागाइतका असतो. इथे ६ ते १० मिलिग्रॅम. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा तो लागला, तर मूळ मात्रा कमी पडते आहे असं धरून डॉक्टरांना फोन करायचा. मात्र फोन करण्याआधी ते डोस कधी लागले हे बघायचं. चारही डोस अंग पुसताना किंवा कूस बदलताना लागले असतील, तर मूळ मात्रा वाढवून रुग्ण दिवसभर पेंगत पडेल आणि हलवताना दुखायचं ते दुखेलच. तिथे हलवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी डोस द्यायचा असतो. डोस उशिरा देऊन लगेच चादर बदलायला घेणं ही घाईच्या सकाळी सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी चूक त्याहून महागात पडते. मात्रा वाढवत नेली आणि रुग्णाचे हातपाय मधूनच झटके देऊ लागले, नसलेली माणसं दिसू लागली, नुसता हात लावला तरी तो कळवळू लागला, तर ती दर वेळी वाढलेली वेदना नसते. मूत्रपिंडं मंदावली की मॉर्फिनचे अवशेष अंगात साठतात आणि असं होतं. तिथे आणखी मॉर्फिन म्हणजे आगीत तेल. औषध बदलायचं की मात्रा उतरवायची, हे डॉक्टर ठरवतील. पण "झटके येताहेत आणि लघवी कमी झाली आहे" ही दोन वाक्यं एकत्र त्यांच्या कानावर घालायचं काम नर्सचं. ती वेगवेगळ्या ड्यूटीवर, वेगवेगळ्या पानांवर लिहिली गेली, तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचं काय? स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी पेनॅड नावाची पट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. पट्टी साधी आहे, पण ती रुग्ण निपचित पडलेला असताना भरली तर काहीच कळत नाही. कूस बदलताना भरा. आणि शेवटी एक लक्षात ठेवा: वेदनेचा अंदाज बांधताना आरोग्य कर्मचारी साधारणपणे कमी धरतात आणि घरचे जास्त धरतात. मुलगी म्हणाली "बाबांना दुखतंय" आणि तुम्हाला तसं वाटलं नाही, तर तिला समजावत बसण्याआधी पुन्हा एकदा बघा. कपाळावरची आठी कायमची कुठली आणि आजची कुठली, हे तिला ठाऊक असतं.

"शांत" या शब्दाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: तो चार्टमधून काढूनच टाकावा. शांत पडलेल्या रुग्णाला वेदना नाहीत असंही असू शकतं. तो खचलेला असू शकतो. किंवा त्याला भ्रम झालेला असू शकतो. भ्रम म्हटलं की नळ्या ओढणारा, ओरडणारा रुग्ण डोळ्यांपुढे येतो. पण भ्रमाचा एक मुका प्रकारही आहे: माणूस गप्प होतो, भिंतीकडे तोंड करतो, उत्तर उशिरा देतो. असा रुग्ण कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्यावर चांगल्या सेवेचा शिक्का बसतो. नर्सचा स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज हमखास चुकतो तो इथे. बेल वाजवणाऱ्यांची सेवा कमी पडली असं आपल्याला वाटतं, न वाजवणाऱ्यांची छान झाली असं वाटतं, आणि खरं बरेचदा उलट असतं.

याच्या उलट, रात्री तडफडणाऱ्या, चादर ओढणाऱ्या, सारखं उठू बघणाऱ्या रुग्णाला झोपेचं इंजेक्शन देण्याआधी ओटीपोटावर हात ठेवायचा. लघवी तुंबलेली असली तर कॅथेटर घालताच पाचेक मिनिटांत माणूस निवांत होतो आणि इंजेक्शन लागतच नाही. मग शौच किती दिवस झालं नाही ते बघायचं.

त्यावरूनच बद्धकोष्ठ. बाहेरच्यांना हा विषय किरकोळ वाटतो, आम्हाला नाही. मॉर्फिनने येणारी मळमळ बहुतेकांची आठवडाभरात ओसरते, गुंगीही उतरते. पण आतडी मंदावतात ती मॉर्फिन चालू आहे तोवर मंदच राहतात. म्हणून मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी रेचक सुरू व्हायला हवं, तेही आतड्याला चालना देणारं, सोनामुखीच्या जातीचं. इसबगोलासारखं फुगणारं नको, कारण हे रुग्ण पाणी कमी पितात आणि ते आतच थिजून बसतं. तीन दिवस शौच झालं नाही की हातावर हात धरून बसायचं नाही. आणि एक सापळा: कित्येक दिवस काही नाही आणि अचानक पातळ शौच गळायला लागलं, तर ते जुलाब नसून घट्ट खड्याच्या बाजूने झिरपणारं पाणी असू शकतं. तिथे कुणी जुलाब थांबवायची गोळी दिली की रुग्णाचे पुढचे दोन दिवस नरकात जातात. आधी बोटाने तपासणी, मग औषध.

सिरिंज पंपाबद्दल थोडक्यात. गिळणं थांबलं की या पंपाने औषधं सुईतून त्वचेखाली २४ तास हळूहळू देतात. मॉर्फिनची तोंडाची दिवसाची मात्रा निम्मी करून, म्हणजे वरच्या उदाहरणात ३० मिलिग्रॅम. दर चार तासांनी सुईची जागा, नळीला पडलेला मुरडा, उरलेलं द्रावण, त्यात खडे किंवा गढूळपणा, आणि चालू असल्याचा दिवा बघायचा. वेदना अचानक वाढली तर मात्रा वाढवून मागण्याआधी जागेवर बोट फिरवा. कातडी टणक, लाल किंवा सुजलेली असली तर औषध अंगात जातच नसतं. सुजलेल्या हातापायात किंवा रेडिएशन दिलेल्या कातडीत सुई घालायचीच नाही. अस्वस्थ रुग्णाला ती पाठीवर, खांद्याच्या पात्याजवळ घातली तर ओढली जात नाही. आणि पंप लावला म्हणजे लगेच गुण येईल असं नाही, पातळी चढायला काही तास जातात. तेवढ्या वेळाची सोय म्हणून सुरुवातीला एक डोस वेगळा द्यावा लागतो. तो विसरला की पंप लावूनही रात्रभर कण्हणं चालू राहतं.

फेंटानिल या वेदनाशामकाच्या, कातडीवर चिकटवायच्या पट्टीचंही तसंच. ती चढायला बारा ते चोवीस तास घेते आणि काढल्यावरही पुष्कळ वेळ अंगात राहते. ताप आला किंवा गरम पाण्याची पिशवी तिच्यावर ठेवली तर औषध भराभर शोषलं जातं. दर भेटीत दोन प्रश्न: पट्टी आहे का, आणि जुनी काढली का?

पाठीच्या जखमांबद्दल हॉस्पिस नर्सचं मत वॉर्डातल्या नर्सपेक्षा वेगळं असतं, आणि ते समजून घ्यायला तुम्हाला वेळ लागेल. तिकडे बेडसोर झाला म्हणजे काळजीत कसूर झाली, असा हिशेब असतो. इथे दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम सुरुवातीला पाळायचा. ३० अंश तिरकं ठेवून पाठीला उशी, टाचा अधांतरी. पण शेवटच्या दोन-चार दिवसांत प्रत्येक हलवण्याने रुग्ण कळवळत असेल, तर अंतर वाढवायचं आणि का वाढवलं ते लिहायचं. शिवाय मरणाच्या जवळ त्वचाही एक अवयव म्हणून निकामी होते. माकडहाडावर काही तासांत उमटणारा, नासपतीच्या आकाराचा, लाल-जांभळा होत काळपट पडणारा डाग, ज्याला केनेडी अल्सर म्हणतात, तो चांगल्यात चांगली सेवा असतानाही येऊ शकतो. अर्थात ही सबब म्हणून वापरणारेही भेटतात. फरक जुन्या नोंदींवरून कळतो: काल तिथली त्वचा कशी होती हे लिहिलेलं नसेल, तर "अचानक आलं" या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

तोंडाची काळजी हे पाहुण्यांना दिसणारं आणि म्हणूनच सेवेची पारख करून देणारं काम. मऊ ब्रश, दर दोन-चार तासांनी. शेवटच्या दिवसांत तोंड उघडं राहतं म्हणून तासातासाला ओला बोळा, ओठांना मलम. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे वापरू नका, त्यांनी तोंड उलट कोरडं पडतं. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावायचं नाही. ते पेट घेऊ शकतं.

धाप लागली की ऑक्सिजनकडे धावायची सवय आयसीयूतून येते. रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी नसेल तर नळीपेक्षा लहान हातपंखा जास्त कामाचा: चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, नाक आणि गालांवर वारा येईल असा. बसतं करून पुढे टेबलावर उशी देऊन टेकवायचं, खाटेभोवतीची गर्दी कमी करायची, आणि कमी मात्रेत मॉर्फिन. घशातल्या घरघरीसाठी कुशीवर वळवणं पहिलं. नळी खोलवर घालून स्राव ओढायचा (सक्शन) नाही. घरघरीवरचं इंजेक्शन नवा स्राव कमी करतं, साचलेला तसाच राहतो. त्यामुळे आवाज खूप वाढल्यावर दिलं तर उपयोग कमी. बहुधा या आवाजाचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त होतो, म्हणून घरच्यांना तो ऐकू येण्याआधीच सांगून ठेवलेलं असावं. आवाज सुरू झाल्यावर सांगितलेलं सांत्वन वाटतं, आधी सांगितलेलं माहिती वाटते.

या "आधी"चाच सगळा खेळ आहे. रुग्णाची हालचाल आणि खाणंपिणं किती उरलं आहे हे मोजणारी, पीपीएस नावाची शंभरापासून शून्यापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांची पट्टी असते. ३० टक्के म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, २० म्हणजे फक्त घोट-घोट पाणी, १० म्हणजे तोंडाची काळजी एवढीच. रुग्ण ३० वर आला की गिळणं बंद होण्याची तयारी त्याच दिवशी करायची: इंजेक्शनं लिहून घ्यायची, घरी असेल तर औषधांची पेटी घरात पोचवायची, आणि घरच्यांकडून एकदा करवून घ्यायचं. नुसतं सांगून भागत नाही, त्यांच्या हाताने सिरिंज भरून बघायची. कागदावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी: काय दिसलं तर कुठलं औषध, कितीपर्यंत, आणि फोन कुणाला. रात्री दोनला फोन आला आणि औषध घरात होतं, देणाऱ्याला देता आलं, तर ती भेट दोन दिवस आधीच झालेली असते. तोच फोन "औषध कुठे मिळेल" असा आला, तर नर्स कितीही तातडीने निघाली तरी मधले दोन-तीन तास रुग्णाचे गेले.

आता आकड्यांतलं मूल्यमापन. अमेरिकेत २०१५पासून रुग्ण गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली पाठवतात: वेळेवर मदत मिळाली का, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही मिळाली का, आदराने वागवलं का, रुग्णाची काळजी घ्यायला शिकवलं का. शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष येऊन गेली का, हेही तिथे मोजतात. प्रश्न चांगले आहेत. पण उत्तर देणारा घरचा असतो, रुग्ण नव्हे. आणि घरच्यांच्या आठवणीत शेवटची रात्र आधीच्या दोन महिन्यांवर मात करते. भेट झाली हे मोजता येतं, भेटीत काय झालं हे येत नाही. म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणींचं या आकड्यांबद्दलचं मत "खोटे नाहीत, पण अपुरे" असं असतं.

१९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या. वेदना शरीराची, मनाची, नात्यागोत्याची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते, ही त्यांची मांडणी. नर्सना विचारा की कुठे कमी पडता, तर पहिल्या भागाबद्दल क्वचितच ऐकाल. माणसं कमी असली की आधी गळतं ते बोलणं. औषध चुकलं तर चार्टवर दिसतं, "सिस्टर, आता किती दिवस?" हा प्रश्न टाळला तर कुठेच दिसत नाही. त्याला उत्तर द्यायचीही रीत आहे. आधी विचारायचं, "डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" मग तारीख न देता महिने, आठवडे की दिवस एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. झालेलं बोलणं ड्यूटी बदलतानाच्या हॅण्डओव्हरमध्ये शब्दाला शब्द द्यायचं, कारण सकाळच्या नर्सने "आठवडे" आणि रात्रीच्या नर्सने "दिवस" म्हटलं की त्या घराचा दोघींवरचाही विश्वास उडतो.

आणि एक कारण आमच्या हाताबाहेरचं: उशिरा पाठवलेले रुग्ण. मरणाच्या दोन दिवस आधी आलेल्या माणसाची वेदना आटोक्यात आणता येते, ओळख होत नाही. अशा मरणानंतर नर्सला जे वाटतं ते बरेचदा अपराधीपणाचं असतं. ते तसंच घरी नेऊ नका, टीमच्या बैठकीत तपासून घ्या. शेवटच्या ७२ तासांचा चार्ट समोर घेऊन, काय आधी दिसलं होतं आणि कधी हालचाल झाली, एवढंच बघायचं.

तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा तत्त्वांबद्दल विचारू नका, सगळीकडे सुंदर उत्तरं मिळतात. रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात ते विचारा. कुलपातलं मॉर्फिन काढायला दुसरी सही लागते का, आणि रात्री ती सही करणारं माणूस मजल्यावर असतं का ते विचारा. घरच्या रुग्णांचे रात्रीचे फोन चार्ट समोर असलेली नर्स घेते की एखादं कॉल सेंटर, हेही. मृत्यूनंतर घरच्यांना पुन्हा फोन कोण करतं? आणि जमलं तर नावं झाकून एक जुना चार्ट दाखवायला सांगा, आणि मॉर्फिन दिल्यानंतरच्या तासाचा रकाना बघा.